जुनी फाइफ मिळाली आहे, ठशात फक्त 'पाँड' वाचता येतंय : कोणाची आणि कधीची?

हार्टफर्डकर

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. आमच्याकडे (कनेटिकट, अमेरिका) घर विकायला काढलं की आतलं सगळं सामान अंगणात मांडून विकतात. मी शिडी बघायला गेलो होतो, ती आधीच कुणीतरी नेली होती. बुटांच्या खोक्यात ही फाइफ दिसली, वीस डॉलरला उचलली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फाइफ म्हणजे पलटणीत ढोलाच्या जोडीने वाजणारी आखूड, आडवी लाकडी बासरी. आवाज इतका टोकदार की दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो.

माझ्याकडच्या वस्तूचं वर्णन:

एकाच लाकडाची, मध्ये सांधा नाही. रंग काळपट तांबूस. बोटांची सहा भोकं, चावी एकही नाही. दोन्ही टोकांना पितळी कडी, त्यातलं खालचं सैल झालंय, हाताने फिरतं. लांबी पावणेसतरा इंच. वरच्या टोकाकडून फुंकेच्या भोकाच्या दिशेने केसाएवढी चीर गेली आहे, पण भोकापर्यंत पोचलेली नाही.

फुंकेचं भोक आणि बोटांचं पहिलं भोक यांच्या मध्ये ठसा आहे. वरच्या ओळीची सुरुवात पार झिजली आहे, पुढे 'पाँड अँड कं.' असं स्पष्ट आहे, खालच्या ओळीत 'न्यूयॉर्क'. अक्षरं अर्थात रोमन.

खोक्यात एक चिठ्ठी होती, बॉलपेनने लिहिलेली: 'ही फाइफ लेक्सिंग्टनच्या लढाईत वाजली, १७७५.' म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली पहिली लढाई.

प्रश्न तीन. बनवणारा कोण? साल कोणतं? चिठ्ठी खरी का?

फोटो चढत नाहीयेत, संपादकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

शेंगदाणा

१७७५ सालचं बॉलपेन मात्र नक्की जपून ठेवा. त्याचे जास्त पैसे येतील.

पाववडा

@शेंगदाणा हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

बॉस्टनची_वहिनी

चिठ्ठी नंतर कुणीतरी आठवणीतून लिहिली असेल की हो, तेवढ्याने खोटी ठरत नाही.

आम्ही लेक्सिंग्टनपासून जवळच राहतो. दरवर्षी एप्रिलमध्ये भल्या पहाटे त्या हिरवळीवर लढाईचा देखावा होतो, मुलांना घेऊन थंडीत कुडकुडत उभं राहायचं. १९ एप्रिल १७७५ला तिथल्या गावकऱ्यांच्या तुकडीत ढोल वाजवणारा विल्यम डायमंड होता आणि फाइफवाला जोनाथन हॅरिंग्टन. हॅरिंग्टन तेव्हा कोवळा पोरगा. त्या लढाईतला शेवटपर्यंत जिवंत राहिलेला माणूस तोच, १८५४ साली गेला. तेव्हा लेक्सिंग्टनला फाइफ होती हे खरं. तुमचीच होती का, ते जाणकार सांगतील.

जुनंपानं

चिठ्ठी बाजूला ठेवा आणि ठशाकडे बघा. न्यूयॉर्क आणि पाँड म्हटलं की शोध बराच आटोपशीर होतो, कारण ही मंडळी दर काही वर्षांनी भागीदारी मोडून नवीन पाटी लावत होती. आपल्याला तारीख लावायला ते सोयीचं पडतं.

गोष्ट अशी. एडवर्ड रायली नावाचा इंग्रज एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला येऊन बासऱ्या करायला आणि स्वरलिपीचे कागद छापायला लागला. त्याच्याकडे जॉन फर्थ आणि विल्यम हॉल कामाला होते. दोघांनी रायलीच्याच मुलींशी लग्नं केली आणि पुढे दोघा साडूंनी मिळून स्वतःचं दुकान टाकलं: फर्थ अँड हॉल. मग ऑल्बनीहून सिल्वेनस पाँड येऊन मिळाला, पाटी झाली 'फर्थ, हॉल अँड पाँड'. १८४७ला फाटलं. हॉलने मुलाला घेऊन 'विल्यम हॉल अँड सन' काढलं, उरलेल्या दोघांची १८४८पासून 'फर्थ, पाँड अँड कं.' ती १८६३पर्यंत चालली. त्या वर्षी तीही मोडली. फर्थकडे 'फर्थ, सन अँड कं.' आणि पाँडच्या मुलाकडे 'विल्यम ए. पाँड अँड कं.'

आता तुमच्या ठशात पाँडच्या पुढे 'अँड कं.' आहे. म्हणजे 'फर्थ, हॉल अँड पाँड' बाद, त्यात पाँड शेवटी येतो. उरले दोनच: 'फर्थ, पाँड अँड कं.' (१८४८ ते १८६३) किंवा 'विल्यम ए. पाँड अँड कं.' (१८६३नंतर). दोन्हीपैकी काहीही असो, १७७५शी संबंध नाही.

शेंगदाणा

सासऱ्याच्या धंद्यात दोन जावई घुसले आणि दुकानाचे तुकडे झाले. न्यूयॉर्क असो नाहीतर नारायणगाव.

कोपऱ्यातला_काका

सगळे फाइफ फाइफ म्हणताहेत, पण ही फाइफ आहे हे कुणी तपासलं का?

माझा अनुभव सांगतो. पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या बाजारात मी अशीच 'मिलिटरी फाइफ' म्हणून घेतली होती. घरी आणून नीट बघितली तर 'हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, लंडन' असा ठसा, एक चावी शाबूत आणि दोन चाव्यांच्या नुसत्या खुंट्या उरलेल्या. ती फाइफ नव्हतीच. ब्रिटिश पलटणींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फाइफ मागे पडून निमुळत्या नळीची बँड-फ्लूट आली, पण पथकाला लोक 'ड्रम अँड फाइफ'च म्हणत राहिले. त्यामुळे विकणारे आजही तिला फाइफच म्हणतात. बुझी आणि हॉक्स या लंडनच्या दोन वाद्यकंपन्या १९३०ला एक झाल्या, म्हणून नुसतं 'हॉक्स अँड सन' असेल तर वस्तू त्याआधीची, एवढं मला कळलं. जुनंपानं यांनी सांगितलेली पाटीची युक्ती लंडनलाही चालते.

तेव्हा हार्टफर्डकर, आधी नळी आतून सरळ आहे की निमुळती ते बघा.

लेथमास्तर

काकांशी सहमत, तपासायलाच हवं. पण एकसंध लाकूड, चावी नाही, दोन्ही टोकांना पितळ आणि पावणेसतरा इंच लांबी हे ऐकून नव्वद टक्के फाइफच वाटते. पिकोलो याच्यापेक्षा बरीच आखूड असते आणि बहुधा दोन तुकड्यांची.

नळी तपासायची रीत: एखादी लाकडी किंवा प्लॅस्टिकची गोल काडी घ्या. धातूची नको, आत ओरखडे पडतात. काडीच्या टोकाला कागदाची पट्टी गुंडाळत जा, ती खालच्या तोंडातून हलकेच आत जाईल इतकी जाड करा आणि बुचापर्यंत सरकवा. सगळीकडे सारखीच जात असेल तर नळी सरळ, म्हणजे फाइफ. बुचाकडे जाताना सैल पडून हलायला लागली तर निमुळती, कारण तशी नळी खालच्या तोंडाशी अरुंद असते. जोर लावू नका, जुन्या लाकडाला चीर पुढे सरकायला निमित्त पुरतं.

टोकाच्या कड्यांना आमच्याकडे शेंबी म्हणतात, काठीला असते तीच. तिचं काम शोभेचं नाही. लेथवर कातलेल्या नळीची टोकं सगळ्यात आधी उकलतात, शेंबी त्यांना आवळून धरते. तुमची खालची शेंबी सैल झाली त्याचं कारण तुमच्याकडचा हिवाळा. घर तापवलं की हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, पितळ आहे तेवढंच राहतं. चिकटवू नका. पावसाळी दिवसांत आपोआप घट्ट होईल, नाहीतर आतून बारीक दोऱ्याचा एक थर द्या.

गोदूताई

भाऊ, शेंबी चिंच-मीठ लावून घासा, सोन्यासारखी चमकेल. आणि लाकडाला खोबरेल तेल.

लेथमास्तर

ताई, हात जोडतो. दोन्ही नको! जुन्या वस्तूवरचा तो काळसर थर घालवला की वस्तूची किंमत अर्ध्यावर येते, शिवाय आंबट पाणी लाकडात मुरलं तर शेंबीखालचं लाकूड खराब होतं. खोबरेल तिकडच्या थंडीत गोठतं. तेल द्यायचंच तर बदामाचं, अगदी बोटाला लागेल एवढं, आणि तेही चीर दुरुस्त झाल्यावर.

गोदूताई

बरं बाई, नाही लावत. आम्ही समया घासणारी माणसं.

वेळूबन

मी बासरी शिकतो, त्यामुळे माझा रस सुरात. हार्टफर्डकर, वाजते का हो? वाजत असेल तर सहाही भोकं बंद करून ट्यूनरच्या अ‍ॅपवर काय येतं ते सांगा. चीर आहे म्हणून जास्त फुंकू नका, पाच-दहा सेकंदं पुरे. आधी ती हातात धरून जरा कोमट होऊ द्या. थंड लाकडात गरम दमट फुंकर गेली की चिरा वाढतात.

हार्टफर्डकर

सगळ्यांचे आभार. एकेक करतो.

काडीचा प्रयोग केला. खालपासून बुचापर्यंत सारखीच सरकते, कुठे सैल पडत नाही. म्हणजे काका, फाइफच.

वेळूबन, बायकोने वाजवली (मला फुंकच जमेना). सहा बंद करून सूर बी फ्लॅटच्या आसपास येतो, थोडा खाली. वरच्या सप्तकात मात्र असला कडक वाजतो की शेजाऱ्याचा कुत्रा कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

वेळूबन

भारी. म्हणजे तुमच्याकडचे लोक हिला बी फ्लॅट फाइफ म्हणणार, सहा बंदवर येणाऱ्या सुरावरून. आपण बासरीवर सहा बंदला मंद्र पंचम म्हणतो आणि सा धरतो तीन बंदवर. बी फ्लॅट पंचम असेल तर सा येतो ई फ्लॅटवर. त्यामुळे माझ्या गुरुजींच्या हातात दिली तर ते म्हणतील, 'काळी दोनची छोटी बासरी.' सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम, आपल्यासारखंच. शुद्ध मध्यमाला भोक अर्धं झाकावं लागेल.

थोडा खाली येतो याची काळजी करू नका. त्या काळी सगळीकडे एकच सूर ठरलेला नव्हता, ४४० हर्ट्झचं (आजचं प्रमाण सुराचं माप) ठरलं ते विसाव्या शतकात. शिवाय फाइफची नळी लांबीच्या मानाने अरुंद, म्हणून खालचे सूर फुसके आणि वरचे धारदार. मैदानात ढोलावर मात करायला तेच हवं. मैफलीत मात्र कुणी घेणार नाही. बोटांची भोकं एकसारखी दिसतात की लहानमोठी?

हार्टफर्डकर

जवळजवळ सारखीच. शेवटून दुसरं किंचित मोठं वाटतं.

बॉस्टनची_वहिनी

मग क्रॉस्बी असेल का? आमच्या बॉस्टनचा वॉल्टर क्रॉस्बी फाइफसाठी प्रसिद्ध होता असं ऐकलंय.

जुनंपानं

वहिनी, क्रॉस्बी असता तर नाव क्रॉस्बीचं असतं. त्याच्या धर्तीच्या फाइफ पुढे न्यूयॉर्कचा जॉर्ज क्लूस करत होता आणि त्यावर दोघांचीही नावं सापडतात. क्लूसचा माल विसाव्या शतकातही निघत होता. ऑनलाइन लिलावात प्रत्येक क्लूस 'यादवी युद्धातली' (अमेरिकेतलं, १८६१ ते १८६५) म्हणून विकतात, ते डोळे झाकून मानू नका. पण इथे ठशात पाँड आहे, त्यामुळे हा मुद्दा लागू नाही.

मी_तर_बाई

एक बाळबोध प्रश्न. यादवी युद्धात फाइफवाले खरंच किती असायचे? सिनेमात तर प्रत्येक ढोलामागे एक दिसतो.

जुनंपानं

पायदळाच्या एका कंपनीला दोन वादक मंजूर असत, बहुतेक वेळा एक ढोल आणि एक फाइफ. पलटणीत दहा कंपन्या, म्हणजे वीसेक वादक. सकाळी उठवणं, जेवण, हजेरी, दिवे मालवणं, सगळं त्यांच्या इशाऱ्यावर. पण फाइफ घेणारा सैनिकच असायला हवा असं नाही. गावोगावच्या हौशी तुकड्या होत्या, चार जुलैच्या मिरवणुका होत्या. तुमच्या हातातली फाइफ कधी रणांगणावर गेलीच नसेल, नुसती गावातल्या मिरवणुकांत वाजली असेल, हेही तेवढंच शक्य.

शेंगदाणा

म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला ताशा दाखवून 'पानिपतात वाजला' असं सांगण्यातला प्रकार.

पाववडा

अवांतर: लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बासऱ्यांचा मोठा संग्रह आहे ना? मध्यंतरी एका गायिकेने तिथली काचेची बासरी वाजवली आणि नेटवर दंगा झाला होता.

जुनंपानं

तोच. डेटन मिलर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता, १९४१ला वारला. त्याने जमवलेल्या सतराशेच्या वर बासऱ्या लायब्ररीला दिल्या. काचेची ती पॅरिसच्या क्लोद लोराँने १८१३ साली अध्यक्ष मॅडिसनसाठी केलेली. लिझोने २०२२मध्ये वाजवली. पण हार्टफर्डकरांच्या कामाचं वेगळं आहे: त्या संग्रहाची यादी फोटोंसकट नेटवर बघता येते. पाँडची कुठलीही वस्तू तिथे सापडली तर तिचा ठसा आणि तुमचा ठसा शेजारी ठेवून बघा. अक्षरांचा घाट, ओळ सरळ आहे की कमानीसारखी, पूर्णविराम कुठे आहेत, असल्या बारक्या गोष्टींतच उत्तर असतं.

मोडी_वाचक

ठसा वाचायला मदत करतो. आमचं आयुष्य पुसट कागद वाचण्यात गेलं.

खोलीत अंधार करा. मोबाइलचा दिवा वरून मारू नका, लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि फाइफ हळूहळू गोल फिरवा. ठसा दाबून उमटवलेला असतो, त्यामुळे वरचा रंग गेला तरी खोलगटपणा उरतो आणि आडव्या उजेडात त्याची सावली पडते. दुसऱ्या फोनने फोटो घ्या, मग तो काळा-पांढरा करून गडद-फिका वाढवा. दुसरी युक्ती म्हणजे पतंगाचा पातळ कागद ठशावर ठेवून मऊ पेन्सिलने हलकं घासायचं. पीठ, खडू, पावडर काही भरू नका, ते रंध्रांत बसतं आणि मग निघत नाही.

पूर्ण नाव वाचायच्या मागे लागू नका. जुनंपानं यांनी काम सोपं करून ठेवलंय, दोनच उमेदवार आहेत. 'पाँड'च्या लगेच आधी काय आहे तेवढं सांगा. 'विल्यम ए. पाँड' असेल तर तिथे एकटं 'ए' आणि टिंब दिसेल. 'फर्थ, पाँड' असेल तर 'एच' आणि स्वल्पविराम.

कोपऱ्यातला_काका

वा. हा प्रतिसाद वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला.

अदिती_म्ह

लाकडाबद्दल कुणीच बोललं नाही. काळपट तांबूस म्हणजे रोजवुड का?

लेथमास्तर

फोटोशिवाय सांगणं अवघड, तरी प्रयत्न करतो. त्या काळी अमेरिकेत फाइफसाठी बॉक्सवुड, रोजवुड, वेस्ट इंडीजचं कोकस आणि एबनी चालायचं. बॉक्सवुड मुळात फिकं पिवळं असतं, पण त्याला नायट्रिक आम्ल लावून तपकिरी करत, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. शेंबी सैल आहेच, ती थोडी सरकवून तिच्याखालचं लाकूड बघा. तिथे हात लागलेला नाही आणि उजेडही नाही. खाली पिवळं दिसलं तर बॉक्सवुड. लाल-जांभळ्या काळ्या रेघा आणि उघडी रंध्रं दिसली तर रोजवुड. रंध्रं दिसतच नाहीत इतकं दाट, तेलकट आणि हाताला जड लागलं तर कोकस.

पाण्यात बुडते का बघू नका. आधीच सांगतो, कारण कुणीतरी सुचवणारच.

शेंगदाणा

टाईप करून झालं होतं, खोडलं.

अदिती_म्ह

मी विचारलं त्याला कारण आहे. रोजवुड असेल आणि भारतात आणायची असेल तर जरा बघून. ब्राझीलचं रोजवुड १९९२पासून साइट्सच्या (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे. बाकीच्या शिसवी जातींच्या तयार वाद्यांना २०१९मध्ये सूट मिळाली. आणि एकदा भारतात आणली की परत बाहेर नेणं सोपं नाही, शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते.

हार्टफर्डकर

आणायचा विचार नाही. बाबा म्हणतात, 'इथे बासऱ्या कमी आहेत का?'

शेंबी पाव इंच सरकवली. खाली लालसर, त्यात जांभळट काळ्या रेघा, बारीक उघडी रंध्रं. लेथमास्तरांच्या यादीनुसार रोजवुड. शेंबीच्या आतल्या बाजूला झाळ दिल्याची रेघ स्पष्ट दिसते, म्हणजे पत्रा वळवून जोडलेला आहे, अखंड नळी कापलेली नाही. ठसा रात्री बघतो.

लेथमास्तर

झाळ दिलेली शेंबी जुनेपणाशी जुळते. नुसत्या तेवढ्यावर साल ठरत नाही.

बॉस्टनची_वहिनी

गोदूताई, तुमचा मुलगा कनेटिकटमध्ये कुठल्याशा फाइफ पथकात होता ना?

गोदूताई

मुलगा नाही, नातू. शाळेत असताना वाजवायचा. मी तिकडे गेले होते तेव्हा डीप रिव्हर गावच्या मेळाव्याला नेलं होतं मला. जुलैत असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खुर्च्या टाकून माणसं बसतात आणि एकामागून एक पथकं येतात, त्रिकोणी टोप्या, लांब कोट, उन्हात घामाघूम. ढोल इतका खोल वाजतो की छातीत धडधडतं, आणि त्यावर त्या पिपाण्या. मला आपली झांजपथकाची आठवण आली. नातवाची फाइफ नवीन होती, मला वाटतं दहा भोकांची.

शेजारच्याच आयव्हरिटन गावात यांचं संग्रहालय आहे, खास फाइफ आणि ढोलांचं. हार्टफर्डकर, तुम्हाला काय लांब आहे ते! तिथे नेऊन दाखवा की. आम्ही इथे आपले चिंच आणि खोबरेल सांगत बसलोय.

पाववडा

आयव्हरिटन म्हणजे हस्तिदंतावरून नाव का?

जुनंपानं

होय. आयव्हरिटन आणि डीप रिव्हर या दोन्ही गावांत पियानोच्या पट्ट्यांसाठी हस्तिदंत कापायचे कारखाने होते. हस्तिदंत यायचा झांझिबारहून, आणि झांझिबारच्या त्या व्यापारात कच्छी पेढ्या मोठ्या होत्या. धागा भरकटतोय, थांबतो.

शेंगदाणा

थांबू नका, धागा भरकटला की शंभरी गाठतो.

वेळूबन

गोदूताई म्हणतात तशी नवी फाइफ दहा भोकांची असते, जास्तीच्या भोकांमुळे कोमल-तीव्र सूर नीट मिळतात. सहा भोकांवर ते बोटं उलटसुलट झाकून काढावे लागतात.

अजून एक, मिसिसिपीच्या डोंगराळ भागात कृष्णवर्णीयांची फाइफ-ढोलाची वेगळीच परंपरा आहे. ओथा टर्नर हे त्यातले मोठे नाव, २००३ला गेले. ते वेळूची फाइफ स्वतः करायचे, तापवलेल्या सळईने भोकं पाडून. आपले बासरीवाले करतात तसंच अगदी.

हार्टफर्डकर

ठसा वाचला. मोडी_वाचक, तुम्हाला साष्टांग.

स्वयंपाकघरातले दिवे घालवून ओट्यावर फाइफ ठेवली, मोबाइलचा दिवा ओट्याला टेकवून धरला. सरळ बघितलं तर काहीच नाही. थोडी फिरवली आणि 'पाँड'च्या आधी दोन उभ्या रेघा उठल्या, मध्ये आडवी. डावी उभी रेघ अर्धीच, उजवी पूर्ण. तिच्या पायथ्याशी शेपटी असलेलं टिंब, म्हणजे स्वल्पविरामच. त्याच्याही आधी, बऱ्याच अंतरावर, एक आडवी रेघ वरच्या बाजूला दिसते, ती 'एफ'ची असावी. बायकोने कागद ठेवून पेन्सिल घासली, त्यातही 'एच' आला.

मोडी_वाचक

'एच' आणि स्वल्पविराम. झालं की मग.

जुनंपानं

'फर्थ, पाँड अँड कं., न्यूयॉर्क.' १८४८ ते १८६३.

वहिनींचा जोनाथन हॅरिंग्टन १८५४पर्यंत होता. त्याच्या म्हातारपणी हे दुकान चालू होतं. कुणी सांगावं, घरात 'लेक्सिंग्टनच्या फाइफवाल्याला आमच्या पणजोबांनी पाहिलं होतं' असं काही बोललं जात असेल आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने माणसाचा मान वस्तूला दिला असेल. हा माझा अंदाज, विदा (पुरावा-आकडे) मागू नका.

बॉस्टनची_वहिनी

अंदाज आवडला. पण म्हणून १७७५ लिहायचं?

कोपऱ्यातला_काका

मूळ प्रश्नाकडे येऊ. हार्टफर्डकरांनी विचारलं होतं, बनवणारा कोण. ठशात आहे ते दुकानाचं नाव. फर्थ आणि पाँड हे मुख्यतः स्वरलिपी छापणारे आणि विकणारे, अमेरिकन गीतकार स्टीफन फॉस्टरची गाणी त्यांनीच छापली. एवढ्या धंद्यात ते लेथवर बसून फाइफ कातत होते असं कोण मानेल? माझ्या हॉक्सच्या बाबतीतही तोच प्रश्न पडला होता.

जुनंपानं

काका, बरोबर पकडलंत. आणि उत्तर हार्टफर्डकरांच्या अंगणातच आहे.

कनेटिकटमध्ये लिचफिल्डजवळ नॉगटक नदीच्या काठी असा हॉपकिन्स नावाच्या माणसाने (असा हे त्याचं नाव, 'असा कोण' विचारू नका) बासऱ्यांचा कारखाना काढला होता. पाण्याच्या जोरावर लेथ चालायचे. त्या वस्तीचं नावच फ्लूटव्हिल पडलं. पुढे तो कारखाना फर्थ, हॉल अँड पाँडच्या ताब्यात गेला. तेव्हा ठशात न्यूयॉर्क असलं तरी लाकूड कातणारे हात कनेटिकटमधले असू शकतात. कातणाऱ्याचं नाव मिळणार नाही, कामगारांनी आपली नावं घातलेली नाहीत. वस्तूची नोंद करताना 'ठसा: फर्थ, पाँड अँड कं., न्यूयॉर्क' असं लिहा, 'बनवणारे' असं लिहू नका.

लेथमास्तर

नोंदीत हेही असू द्या: एकसंध, रोजवुड (पाहून ठरवलेलं), सरळ नळी, सहा भोकं, चावी नाही, पितळी शेंब्या झाळ दिलेल्या, खालची सैल, लांबी पावणेसतरा इंच, वरच्या टोकाला चीर, भोकापर्यंत नाही. फुंकेचं भोक गोल की लंबगोल तेही मोजा. आणि बुचाची जागा बदलू नका, ते मूळचं असू शकतं.

मी_तर_बाई

किंमत काय येईल? वीस डॉलर तर वसूल झालेच असतील.

जुनंपानं

वीसपेक्षा नक्की जास्त. यादवी युद्धाच्या वस्तू जमवणारे फर्थ-पाँडच्या मागे असतात, पण ते कुठल्या पलटणीतल्या कुणाची याचा कागद मागतात. तो नसेल तर 'त्या काळातली फाइफ' एवढंच. चीर आहे, त्यामुळे दुरुस्तीआधी विकू नये. आणि दुरुस्ती लाकडी वाद्यांची सवय असलेल्याकडूनच.

हार्टफर्डकर

विकत नाही. आयव्हरिटनला फोन केला, उघडी असतील त्या दिवशी आणा म्हणाले. चीर तिथेच कुणाला तरी विचारून दुरुस्त करून घेईन. चिठ्ठी खोक्यात तशीच ठेवली आहे, तिच्याखाली माझी एक नोंद: लेथमास्तरांचं वर्णन, ठसा, १८४८ ते १८६३. भोक लंबगोल आहे, आडवं जरा जास्त.

गोदूताई, डीप रिव्हरच्या मेळाव्याला या वर्षी आम्ही जातोय. कनेटिकट, न्यूयॉर्क, बॉस्टनकडचे कोण येणार असेल तर व्यनि करा, डबे आपण आणू.

बॉस्टनची_वहिनी

आम्ही चौघं येतो. थालीपीठं माझ्याकडे.

नवा_भिडू

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडे आजोबांचा एक बिगुल आहे, त्यावर काहीतरी खोदलंय, तेही सांगता का?

मोडी_वाचक

नवीन धागा काढा, फोटो चढवा, आणि त्याआधी तो घासू नका.